तेरावा महिना

सावद्याच्या पुढे, रेल्वे फाटक ओलांडलं की
डाव्या हाताला आमचं पॅकिंग हाऊस.
आत केळी तुरटीच्या पाण्यात,
बायका कोपरापर्यंत ओल्या,
आणि खोक्यांच्या थप्पीमागे मी, हजेरी घेऊन.

त्या हंगामात दावाओहून आर्नेल आला,
घडावरून फण्या कशा उतरवायच्या ते शिकवायला.
पात्याला धार हवी, मनगटाला घाई नको,
चीक सालीवर ओघळू द्यायचा नाही.
मराठी त्याला तीनच शब्द आले: हळू, वाकडं, चहा.
तेवढ्यावर त्याने पुरा हंगाम काढला.

एकदा जेवणाच्या सुट्टीत
कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडत तो म्हणाला,
आमच्याकडे डिसेंबरात तेराव्या महिन्याचा पगार मिळतो.
कायदाच आहे तसा.
ड्रायव्हरच्या पोराने त्याचं हिंदी केलं, मी मराठी.

सरूबाई कोळी, चोपड्याकडची, हसता हसता ठसकली,
"बारा महिनानं वरीस, भाऊ, तेरावा कथाईन उना?"
कुणी म्हणालं, धोंड्याचा असेल, जावयाला अनारसे.
कुणी म्हणालं, दुष्काळातला असेल,
तो आमच्या ओळखीचा आहे.
जैतून तडवी म्हणाली, आमचे सण तर
दरसाल दहा-अकरा दिवस मागेच सरकतात,
आम्ही तेराव्यापर्यंत पोचायचं कधी?

आर्नेलही हसला, मग पाण्याचा तांब्या खाली ठेवून गप्प झाला.
थोड्या वेळाने पाच बोटं वर केली.
तिकडे सहा महिने भरले की कायम करावं लागतं,
म्हणून पाचव्यालाच नमस्कार करतात.
चार बागा फिरलो, म्हणाला, प्रत्येक ठिकाणी पाच-पाच.

मला एकदम घाम आला.
हजेरीवर माझी पाच बोटं होती.

वीस नावं झाली की बोनसचा कायदा लागतो,
भविष्य निधीचंही खातं उघडावं लागतं,
म्हणून आमच्या हजेरीत एकोणीस नावं असतात.
पाण्यात हात एकेचाळीस जणींचे.
पाऊस असो, कापणी असो, मागणी दुप्पट होवो,
एकोणीस.
उरलेल्या बावीस जणी बापूशेठच्या खिशातल्या
चौकोनी वहीत असतात, टोपणनावांनी:
उंच, काळी, मोठ्या आवाजाची.

जैतून त्या वहीतली. पौषात तिचं बोट कापलं,
नखासकट.
फैजपूरच्या दवाखान्यात बापूशेठने स्वतः नेलं, हे खरं.
टाके घातले, येताना रसही पाजला.
अकरा दिवस ती आली नाही.
अकरा दिवसांचं काय लिहायचं, मी विचारलं.
ते म्हणाले, जी नव्हतीच
तिची गैरहजेरी कशी लावशील?

त्या रात्री घरी भाकरीच्या तव्यापाशी बसून मी
शंभराला बाराने भागलं. आठ पूर्णांक तेहतीस.
आमच्या कायद्यातला कमीत कमी बोनस.
म्हणजे तेरावा महिना आमच्याकडेही आहेच की,
फक्त दशांश चिन्हामागे दडवलेला,
सरूबाईला दिसू नये असा.
तवा करपला. आई ओरडली.

आर्नेल गेला तेव्हा त्याचे दोन महिन्यांचे पैसे
एजन्सीकडे अडकले होते.
जाताना त्याने प्रत्येकीच्या पात्याला धार लावून दिली.
जैतूनपाशी थांबला, म्हणाला, हळू.

हजेरीत बारा महिन्यांची पानं असतात,
आणि शेवटी एक कोरं, कशासाठी कुणास ठाऊक.
काल त्यावर मी एकोणीस नावं उतरवली,
खाली लिहिलं:
वीस. जैतून हसन तडवी, गैरहजर अकरा दिवस, कामावर असताना इजा.
एकवीस. सरूबाई.
मग एकेक करत वहीतल्या सगळ्या,
त्यांच्या खऱ्या नावांनी. चौघींची विचारून घ्यावी लागली.

एकेचाळीस झाल्यावर पेन टेकवताना लक्षात आलं,
सात वर्षं ही हजेरी मीच लिहिते आहे,
आणि तिच्यात मी कुठेच नाही.